लेक वॉशिंग्टन (शैवालवाढ आणि सुपोषण)

अमेरिकेतील सिॲटल शहराच्या पूर्वेला पसरलेले गोड्या पाण्याचे सरोवर. कमाल खोली सुमारे 65 मी. सुपोषण म्हणजे पाण्यात पोषकद्रव्ये वाढून शैवाल माजणे. शैवालाला खाऊ घालणारी पोषकद्रव्ये आणि शैवालालाच खाणारे जीव, या दोन्हींचा प्रभाव येथे पाठोपाठ दिसून आला, म्हणून सरोवरविज्ञानात त्याचा अभ्यास फार मोलाचा ठरला.

1940 च्या दशकापासून काठावरील वस्त्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सरोवरात येऊ लागले. प्रक्रियेत मैला कुजून जाई, पण त्यातील स्फुरद (फॉस्फरस) बराचसा पाण्यातच उरे. 1955 मध्ये ऑसिलॅटोरिया रुबेसेन्स हे तंतुमय नील-हरित शैवाल आढळले. स्वित्झर्लंडमधील झुरिच सरोवर बिघडले तेव्हा हीच जाती तेथे माजली होती. वॉशिंग्टन विद्यापीठातील डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी हा धोका वेळीच ओळखून लोकांसमोर मांडला. 1958 मध्ये मतदारांनी सांडपाणी वळवण्याच्या बाजूने कौल दिला आणि 1963 ते 1968 या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने सरोवरापासून वळवण्यात आले.

मूळ दोष स्फुरदाचा होता. कार्बन हवेतून मिळतो आणि काही नील-हरित शैवाले हवेतील नत्रही (नायट्रोजन) बांधून घेतात. स्फुरद मात्र हवेतून घेता येत नाही. तो खडक, माती, खते आणि सांडपाणी यांतूनच येतो. सरोवरशास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी 1973 मध्ये कॅनडातील सरोवर क्र. 226 पडद्याने दुभागून हेच दाखवले: दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले, पण स्फुरद घातलेला भागच हिरवागार झाला.

लेक वॉशिंग्टनमध्ये स्फुरद घटताच शैवाल कमी झाले. खरे नवल 1976 चे. त्या वर्षी डॅफ्निया हे सूक्ष्म कवचधारी प्राणी विपुल झाले आणि पाणी पूर्वी कधी नव्हते इतके नितळ दिसू लागले. डॅफ्निया पाणी गाळून शैवाल खातात. निओमायसिस ही कोळंबीसारखी प्रजाती डॅफ्नियांचा फडशा पाडत असे. तिला खाणारे स्मेल्ट मासे वाढल्याने ती घटली. शिवाय गाळण्याच्या अवयवांत अडकणारे ऑसिलॅटोरियाचे तंतूही तोवर विरळ झाले होते. म्हणजे स्फुरद घटल्याचा फायदा डॅफ्नियांनाही झाला.

हे यश जसेच्या तसे इतरत्र मिळेलच असे नाही. उथळ तलावांत तळाच्या गाळात साठलेला स्फुरद वर्षानुवर्षे पाण्यात परतत राहतो. लेक वॉशिंग्टन खोल असल्याने आणि वेळीच पावले उचलल्याने लवकर सावरले.