पेंटॅक्सवर जुनी लेन्स लावताय? कॅमेरा दुरुस्तीला आणण्याआधी हे वाचा

आमच्याकडे दुरुस्तीला येणारे बरेचसे पेंटॅक्स डिजिटल कॅमेरे बिघडलेले नसतातच. तक्रार ठरलेली असते: "बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स लावली आणि आता बटण दाबलं तरी फोटोच निघत नाही." ॲपर्चरच्या (लेन्समधून प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाच्या) आकड्याच्या जागी 'एफ' आणि त्यापुढे दोन आडव्या रेघा दिसतात. घाबरू नका, कॅमेरा धडधाकट आहे.

१९८३ पासून के-माउंट (पेंटॅक्सची लेन्स बसवायची जोडणी) लेन्सच्या ॲपर्चर रिंगवर 'ए' हे अक्षर आलं. रिंग 'ए'वर असली की ॲपर्चर बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ठरवते. त्याआधीच्या 'एम' मालिकेतल्या लेन्सवर (घरोघरी सापडणारी ५० एमएम एफ १.७ हीच) ते अक्षर नाही. मग बॉडीला ॲपर्चर कळत नाही आणि ती शटर अडवून धरते. 'ए' असलेल्या लेन्सची रिंग पिशवीत सरकली तरी हेच होतं, म्हणून आधी ती बघा.

लेन्सवर 'ए' नसेल तर कस्टम मेनूच्या शेवटाकडे जा. ॲपर्चर रिंग वापरायची परवानगी देणारं सेटिंग तिथे आहे. कंपनीकडून ते बंद येतं, चालू करा. मग मोड डायल 'एम'वर ठेवा (हा मॅन्युअलचा 'एम', लेन्सच्या मालिकेचा नव्हे). इथेच सगळे चुकतात. परवानगी दिल्यावर 'एव्ही'वरही (शटर स्पीड कॅमेरा ठरवतो तो मोड) फोटो निघतो, त्यामुळे काम झालं असं वाटतं. पण 'एव्ही'वर लेन्स पूर्ण उघडीच राहते, रिंग ८ वर फिरवा नाहीतर १६ वर. घरच्या समारंभात पुढची रांग स्पष्ट आणि मागची धूसर आली की लोक लेन्सला दोष देतात आणि विकायला आणतात. लेन्स उत्तम असते.

'एम'वर असताना रिंगने ॲपर्चर ठरवा, फोकस हाताने करा आणि हिरवं बटण दाबा. सुरुवातीच्या काही बॉडींवर हे काम एई-एल बटण करतं. ॲपर्चरची पाती क्षणभर मिटतात, बारीकसा 'टक्' आवाज येतो आणि शटर स्पीड आपोआप भरला जातो. आता फोटो काढा. ऊन-सावली बदलली की पुन्हा हिरवं बटण. दोन दिवसांत बोटाला सवय होते.

कॅमेरा चालू करताना तो लेन्सची फोकल लेंग्थ विचारतो, तेव्हा नुसतं ओके दाबून पुढे जाऊ नका. हात हलल्याची भरपाई त्याच आकड्यावरून होते. १३५ एमएमची लेन्स लावून आकडा ३५ च ठेवला तर फोटो हललेलेच येणार.

दुसरा नेहमीचा प्रश्न: एवढं करण्यापेक्षा मोठ्या कंपनीचा कॅमेरा का घेऊ नये? लग्नाची कामं किंवा व्हिडिओ करणार असाल तर जरूर घ्या, आम्हीच सांगू. धावत्या माणसावर फोकस धरण्यात पेंटॅक्स मागे आहे. पण लहान कंपनी बाजारात टिकते कशी हे समजलं, तर तिचा कॅमेरा कोणासाठी आहे तेही समजतं.

कॅननने १९८७ मध्ये माउंटच बदललं. वेगवान ऑटोफोकस त्यातून मिळाला, पण जुन्या एफडी लेन्स नव्या बॉडीवर बसेनाशा झाल्या. निकॉनने १९५९ चं माउंट राखलं, तरी २००६ च्या डी४० सारख्या स्वस्त बॉडीत फोकसची मोटर ठेवली नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या लेन्सचा ऑटोफोकस तिच्यावर चालत नाही. जाहिरातीत आणि दुकानांच्या संख्येत या दोघांशी पेंटॅक्सला बरोबरी करता येणारी नव्हती. तिने जुना ग्राहक धरून ठेवला. १९७५ चं के-माउंट आजही चालू आहे. २००६ च्या के१००डी पासून हात हलल्याची भरपाई बॉडीतच आली, म्हणजे चाळीस वर्षं जुन्या लेन्सलाही ती मिळते. ही गोष्ट फार मोलाची आहे, आणि वर सांगितलेली हिरव्या बटणाची खटपट ही तिचीच किंमत आहे.

कंपनी २००८ मध्ये होयाकडे आणि २०११ मध्ये रिकोकडे गेली, तरी धोरण तेच राहिलं. २०१६ मध्ये फुल-फ्रेम (३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला) के-१ आला. २०१८ मध्ये त्याची मार्क टू आवृत्ती निघाली, तेव्हा जुन्या के-१ चा मुख्य बोर्ड पैसे भरून बदलून घ्यायची सोय कंपनीने दिली. त्याच वर्षी कॅनन आणि निकॉनने आपले नवे मिररलेस (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचे) माउंट आणले, पेंटॅक्स आरशावरच राहिली. २०२३ मध्ये फक्त कृष्णधवल फोटो काढणारा डिजिटल कॅमेरा आणि २०२४ मध्ये चक्क फिल्मचा नवा कॅमेरा तिने काढला. गिऱ्हाईक थोडं, पण पक्कं.

पावसाळी ट्रेकवाल्यांसाठी एक सूचना. तुमची बॉडी पावसाचे शिंतोडे सोसणारी (वेदर-सील्ड) असली तरी जुन्या लेन्सला माउंटवर रबरी सील नसतं. राजमाचीच्या पावसात डब्ल्यूआर (वेदर रेझिस्टंट, म्हणजे सील असलेली) लेन्सच लावा.

आम्ही जुनी लेन्स तुमची बॉडी समोर असल्याशिवाय विकत नाही, यावर काहीजण रागावतात. कारण साधं आहे. रिकोच्या काही जुन्या लेन्सला मागे एक जादा पिन असते. ती ऑटोफोकस बॉडीच्या भोकात अडकली की लेन्स निघत नाही आणि काम वाढतं. उलटंही होतं: इलेक्ट्रिक ॲपर्चरची नवी लेन्स जुन्या बॉडीवर बसते, पण तिचं ॲपर्चर चालत नाही. म्हणून ऑनलाइन घेण्याआधी लेन्सच्या मागच्या बाजूचा फोटो आम्हाला दाखवा, बघून सांगायचे पैसे घेत नाही.

तपासणी शुल्क मात्र आम्ही घेतो, कारण फंगस, पात्यांवरचं तेल आणि फोकसची रिंग बघायला वेळ जातो. लेन्स आमच्याकडून घेतलीत तर ते बिलातून वजा होतं. तपासलेल्या 'एम' आणि 'ए' मालिकेतल्या लेन्स दुकानात असतात. येताना बॉडी, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड आणा. सेटिंग आम्ही समोर करून दाखवू, आणि फोटो तुमच्याच कार्डावर काढून मग ठरवा.