शांतता-उभारणीतील सत्ताविषमता

युद्धाने किंवा यादवीने पोळलेल्या प्रदेशात शांतता रुजवायला बाहेरून येणारे अधिकारी, तज्ज्ञ व संस्था आणि तिथले रहिवासी यांच्यात पैसा, निर्णयाचा अधिकार आणि शब्दाचे वजन यांची जी असमान वाटणी असते, तिला ही संज्ञा लावतात. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी शांतता-उभारणीला जागतिक धोरणात स्थान दिले. पुढे मोहिमा वाढल्या आणि हा प्रश्नही ठळक झाला.

परदेशी अधिकारी कितीही तळमळीने आलेला असो, त्याला जाब विचारणारे दूरच्या राजधानीत बसलेले असतात. निधी तिथून येतो, प्रकल्पाची मुदत तिथे ठरते, अहवालही तिकडेच जातो. गावातला वृद्ध जमिनीच्या तंट्याची तीन पिढ्यांची हकीकत सांगतो. दुभाषा ती दोन वाक्यांत आटोपतो. अहवालात 'जमिनीचे वाद' या रकान्यात एक खूण उरते. हा दुभाषा बहुधा स्थानिकच असतो. परिसर त्याला सर्वांत जास्त कळतो, पण पगार परदेशी सहकाऱ्याच्या तुलनेत तुटपुंजा असतो आणि धोरणाच्या बैठकीत त्याचे मत क्वचितच विचारले जाते.

कायद्याने ही दरी आणखी रुंदावते. बोस्नियात १९९७ पासून आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीला, म्हणजे शांतता-कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या परदेशी अधिकाऱ्याला, निवडून आलेल्यांनाही पदावरून काढण्याचा अधिकार मिळाला. २००४ मध्ये एकाच दिवशी सुमारे ६० जणांना दूर केले गेले. पूर्व तिमोरमध्ये १९९९ च्या ठरावाने कायदे करण्यापासून न्यायदानापर्यंतची सारी सत्ता संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाकडे गेली. सर्वांत वेदनादायक उदाहरण हैतीचे आहे. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरील मैलापाणी नदीत मिसळून कॉलरा पसरला आणि जवळपास १०,००० माणसे दगावली. पीडितांचा दावा संयुक्त राष्ट्रांना असलेल्या कायदेशीर संरक्षणामुळे अमेरिकी न्यायालयांत टिकला नाही. सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती २०१६ च्या डिसेंबरात.

याउलट सोमालियापासून वेगळे झाल्याचे जाहीर केलेल्या सोमालीलँडमध्ये १९९३ साली बोरामा येथे कुळांच्या वडीलधाऱ्यांनी काही महिने चर्चा करून तडजोड घडवली. खर्चाचा मोठा वाटा तिथल्याच लोकांनी उचलला आणि घाई करायला बाहेरचे वेळापत्रक नव्हते. मात्र तिथे मताधिकार असलेले सारे प्रतिनिधी पुरुष होते. म्हणून 'स्थानिकांच्या हाती सूत्रे' या मागणीपाठोपाठ स्थानिकांपैकी नेमक्या कोणाच्या, हेही विचारावेच लागते.