निष्ठीवन

निष्ठीवन म्हणजे थुंकणं, किंवा थुंकलेली थुंकी. नुसतं ष्ठीवन पण म्हणतात, अर्थ तोच. बोलताना हा शब्द कोणीच वापरत नाही, आणि "येथे निष्ठीवन करू नये" असा बोर्ड लावलाच तर लोक आधी त्याचा फोटो काढतील आणि मग त्याच्यावरच पिंक टाकतील. आयुर्वेदात मात्र तो अजून चालतो, थुंकीतून रक्त पडतं त्याला रक्तष्ठीवन म्हणतात.

मूळ संस्कृत धातू ष्ठिव्, त्याच्या आधी नि हा उपसर्ग लागला. पाणिनीच्या नियमाने धातूच्या सुरुवातीचा ष असेल तर त्याचा स होतो पण या धातूला कात्यायनाच्या वार्तिकाने (पाणिनीच्या सूत्राला जोडलेल्या पुरवणी नियमाने) सूट दिलीय, म्हणून ष्ठीवति असं जीभ अडकवणारं रूप राहिलं. लॅटिन स्पुओ, ग्रीक प्त्युओ हे याचेच लांबचे भाऊबंद मानतात, आणि खरं तर सगळ्यांच्या मुळाशी तोंडातून निघणारा आवाजच आहे, आपलं थू आणि थुंकणं पण तसंच.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र टाकू नये, ष्ठीवनसुद्धा टाकू नये असं सांगितलंय, म्हणजे तेव्हाही लोक नदीत थुंकत असणारच, नाहीतर सांगायची वेळ कशाला येईल.

सगळ्यात भारी गोष्ट दंडीची, म्हणजे काव्यशास्त्रावर लिहिणाऱ्या जुन्या संस्कृत पंडिताची. आपल्याला हा शब्द सोवळा वाटतो, पण काव्यादर्श या ग्रंथात दंडी म्हणतो की निष्ठ्यूत (म्हणजे थुंकलेलं), वान्त (म्हणजे ओकलेलं) वगैरे शब्द लाक्षणिक अर्थाने आले तर अतिसुंदर, एरवी ग्राम्य! शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा एक झाड तिच्या पायांसाठी लाखेचा रस देतं, आणि तिथे कालिदासाने निष्ठ्यूतच वापरलंय. झाड लाल रस थुंकतंय आणि वाचणाऱ्याला किळस येत नाही, याला म्हणतात हात.

इंग्रजीतला एक्स्पेक्टोरेट पण असाच प्रतिष्ठित. लॅटिन एक्स म्हणजे बाहेर, पेक्टस म्हणजे छाती, म्हणजे मूळ अर्थ छातीतलं बाहेर काढणं, नंतर स्पिट म्हणायला लाज वाटणाऱ्यांनी तो साध्या थुंकण्याला लावला. पानाची पिंक काही छातीतून येत नाही त्यामुळे ते तसं चुकीचंच. कफ बाहेर काढणाऱ्या औषधाला एक्स्पेक्टोरंट, मराठीत कफोत्सारक, म्हणतात ते मात्र बरोबर, आपला अडुळसा त्यातलाच.

तोंडातली थुंकी आणि छातीतला कफ यांतला फरक टीबीच्या तपासणीत नीट कळतो. डबी हातात देऊन सांगतात, लाळ नको, दीर्घ श्वास घ्या, जोरात खोका आणि आतला बेडका काढा. नुसती पातळ लाळ आली तर तिचा फारसा उपयोग नसतो. सकाळी उठल्याउठल्याचं सँपल चांगलं धरतात कारण रात्रभर कफ साठलेला असतो.