झटके थांबले, फीट थांबली का?

मध्यंतरी एसटी स्टँडवर एका मुलाला फीट आली. तिघे कांदा शोधायला धावले, चौथ्याने पायातली चप्पल काढली. दोनेक मिनिटांत झटके थांबले आणि श्रेय कांद्याला गेलं. बहुतेक फिटा तेवढ्या वेळात आपोआपच थांबतात. नाकाशी पंचांग धरलं असतं तरी गुण आलाच असता. मुलाला कुशीवर वळवायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

झटके थांबले की फीट संपली, असं आपण सगळेच धरून चालतो. लहान मुलांच्या आयसीयूत तसं धरून चालत नाही. फीट मेंदूत असते. असंख्य चेतापेशी एकाच तालात पेटतात. व्हेंटिलेटरवरच्या मुलाला स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असेल, तर तो ताल हातापायांपर्यंत पोचतच नाही. मूल निपचित दिसतं आणि आत वणवा चालू असतो. म्हणून डोक्याला तारा लावून तासन् तास ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, चालू ठेवतात. हान्स बर्गर यांनी जर्मनीत 1924 मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेतला, त्याचंच हे पुढचं रूप. टोरांटोच्या 2014 मधल्या एका अभ्यासात आयसीयूत ईईजी लावलेल्या 259 मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुलांत फिटा सापडल्या. तासातली 12 मिनिटांहून जास्त वेळ फिटांत गेली, त्या मुलांची मेंदूची स्थिती खालावण्याची शक्यता बरीच वाढलेली दिसली.

नवजात बाळांची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. त्यांना फिटांसाठी सहसा फिनोबार्बिटोन देतात. कधी कधी हातपाय शांत होतात, पण ईईजीवर फीट तशीच चालू!

असं का? हे औषध गाबा नावाच्या शामक रसायनाचा जोर वाढवतं. गाबा चेतापेशीवरची क्लोराइडची दारं उघडतं. मोठ्या माणसाच्या पेशीत क्लोराइड कमी असतं, कारण केसीसी-2 नावाचा पंप ते सतत बाहेर उपसतो. दार उघडलं की ऋणभारित क्लोराइड आत येतं आणि पेशी गप्प होते. बाळाच्या पेशीत हा पंप अजून पुरेसा बसलेला नसतो. उलट एनकेसीसी-1 नावाचा दुसरा पंप क्लोराइड आत भरत असतो. मग तेच दार उघडल्यावर क्लोराइड बाहेर जातं, आतला ऋणभार घटतो आणि पेशी चेतते. दार तेच, प्रवाह उलटा! शिवाय पंप बसवण्याचं काम खालून वर चालतं: आधी मेरुरज्जू, मेंदूचा पाया, शेवटी वरचा थर. त्यामुळे औषध खाली लागू पडतं, वर पुरेसं पडत नाही. हा खुलासा मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून आला आहे.

मग एनकेसीसी-1 अडवला की झालं? लघवी वाढवणारं ब्युमेटानाइड तेच करतं. पण युरोपातली त्याची नवजात बाळांवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली. फिटा अपेक्षेइतक्या कमी होईनात आणि काही बाळांच्या ऐकण्यावर परिणाम दिसला. 'चमत्कारी औषध' म्हणून आलेला फॉरवर्ड पुढे ढकलताना एवढं आठवावं.

ईईजी वाचणंही सोपं नाही. रडणाऱ्या बाळाला सिस्टर पाठीवर हलकेच थोपटतात, तेव्हा त्या तालाच्या लाटा कागदावर थेट फिटेसारख्या उमटतात. म्हणून तंत्रज्ञ त्या जागी समासात लिहून ठेवतो: 'थोपटलं'.