ब्रश नव्हे, हात जड असतो

स्नायुक्षय असलेल्या मुलाला रंगवायला बसवायचं ठरलं, की घरचे आधी हलका ब्रश शोधतात. जरा हिशेब मांडून बघू. ३० किलो वजनाच्या मुलाचा एक हात साधारण दीड किलो भरतो. तो समोर सरळ धरला तर त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे २२ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे नुसता हात तोलायला खांद्याला सव्वातीन न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) लावावा लागतो. ५० सेंटिमीटरवर धरलेला १० ग्रॅमचा ब्रश त्यात ०.०५ न्यूटन-मीटरची भर घालतो, जेमतेम पासष्टावा हिस्सा. ब्रश ५ ग्रॅमचा आणला तरी खांद्याला पत्ताही लागणार नाही. कोपर टेबलावर टेकवलं, की मात्र बहुतेक भार टेबलावर जातो.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा स्नायुक्षय म्हणजे डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. यात एक्स गुणसूत्रावरच्या जनुकातल्या बिघाडामुळे डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयार होत नाही. निरोगी स्नायुतंतूत डिस्ट्रोफिनचं एक टोक आतल्या अॅक्टिनच्या जाळ्याला धरून असतं आणि दुसरं पेशीपटलातल्या प्रथिनांच्या गुच्छाला. आकुंचनाचा ताण या दुव्यातून बाहेर वाटला जातो. दुवा नसला की तो पातळ पटलावरच येतो, पटलाला चिरा पडतात, कॅल्शियम आत घुसतं, प्रथिनं कुरतडणारी विकरं जागी होतात आणि तंतू मरतो. काही वर्षं डागडुजी चालते, पुढे त्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती भरते.

सगळ्यात जास्त चिरा पडतात त्या स्नायू ताण धरून असतानाच लांबत जातो तेव्हा, म्हणजे जिना उतरताना किंवा वर नेलेला हात सावकाश खाली आणताना. भिंतीवर कागद लावून मोठ्ठं चित्र काढायला लावणं दिसायला छान, पण प्रत्येक उभ्या फटकाऱ्यानंतर खांदा नेमकं हेच करतो. म्हणून उभा ईझल (चित्राची घोडी) नको. टेबलावर १५-२० अंश कललेली फळी, तिच्यावर चारही कोपरे चिकटवलेला ए-४ कागद, एवढं पुरतं.

स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या स्नायू झिजवणाऱ्या दुसऱ्या आजारात बिघाड मज्जारज्जूतल्या चेतापेशींत असतो, हे पटल फाटणं तिथे नसतं. पण दोन्ही आजारांत खांदा आधी जातो आणि बोटं मागून. हातांची क्षमता मोजणाऱ्या ब्रुक श्रेणीत १ ते ६ पायऱ्या आहेत. पाचव्या पायरीवरच्या मुलाला घास तोंडाशी नेता येत नाही, पण पेन धरता येतं, टेबलावरचं नाणं उचलता येतं. कलोपचाराचं बरंचसं काम या फटीतच चालतं.

टेबल कोपराच्या उंचीला किंवा दोन-तीन सेंटिमीटर वर असावं. फार उंच झालं तर खांदे कानाशी येतात, फार खाली असलं तर पाठीला पोक येतो. व्हीलचेअरचे हात टेबलाच्या कडेला अडतात, मग मूल वीतभर लांब बसतं आणि कोपर अधांतरी लोंबतं. त्यासाठी पुढून अर्धगोल कापलेलं टेबल लागतं. मेणाचे खडू दाबावे लागतात, त्यापेक्षा मार्कर किंवा ओले जलरंग बरे. ब्रश हलका नको, जाड हवा: दांड्याला फोम गुंडाळला की पकड सैल ठेवूनही तो निसटत नाही.

वीसेक मिनिटांनी थांबावं. मान हाताकडे झुकली, धड एका बाजूला कललं, दुसरा हात कोपराखाली आधाराला आला, तर त्याआधीच थांबायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखले तर बेत जास्त झाला. लघवी कोलासारखी गडद झाली तर लगेच डॉक्टर.

रंगांनी किंवा सुरांनी झिजलेला स्नायू पुन्हा भरत नाही. तसं सांगणाऱ्याकडे पाठ फिरवावी. काळा रंग वापरला म्हणजे मूल खचलंय, हे भविष्यही त्याच जातीचं. कदाचित काळा मार्करच तेवढा न दाबता उमटत असेल. आधी मुलाला विचारा.

ज्या मुलाला कपडे, आंघोळ, कुशीवर वळणं, सगळं दुसऱ्याच्या हातून घ्यावं लागतं, त्याला इथे ठरवायला मिळतं. बोटंही थकली की ते सांगतं आणि सहायक रेघ काढतो. तेव्हा नियम एकच: न सांगितलेली रेघ मारायची नाही. ‘कुठून? कुठपर्यंत? किती जाड?’ एवढंच विचारायचं, आणि चित्र वाकडं होत असेल तर होऊ द्यायचं.