खंड्याचं नाक आणि खुळखुळ्या साप

"मामा, तो वाजवतो ना? मग भीती कसली?" भाची म्हणाली. त्यानंतर वीसेक मिनिटांनी तो भेटला, आणि वाजला नाही.

एप्रिलची अखेर होती. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टजवळच्या सुनोलच्या टेकड्यांवर गवत हिरव्याचं पिवळं व्हायला लागलं होतं. सोबत भाचीचा लॅब्राडॉर, खंड्या. वजन बत्तीस किलो, त्यातले निम्मे बहुधा कुतूहलाचे. ओकच्या एका पडलेल्या ओंडक्याकडे त्याचं नाक वळलं, लीश ताणली गेली, आणि ओंडक्याच्या सावलीत मला वाळलेल्या गोवरीसारखं काहीतरी दिसलं. ते वेटोळं होतं. नॉर्दर्न पॅसिफिक रॅटलस्नेक. मराठीत आपण त्याला खुळखुळ्या साप म्हणू. खंड्याचं नाक त्याच्यापासून जेमतेम चार फुटांवर. भाचीने लीश खेचली, आम्ही मागे सरलो. सापाने दोनदा जीभ बाहेर काढली आणि तो होता तिथेच पडून राहिला.

वाजण्याचं आधी उरकून टाकतो, कारण हा गैरसमज अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींमध्ये पक्का आहे. खुळखुळा म्हणजे वाटसरूंच्या सोयीसाठी लावलेली घंटा नव्हे. या सापाचा पहिला बचाव म्हणजे न दिसणं. वाजवलं की तो दिसतो, म्हणून शक्यतो तो वाजवतच नाही. खुळखुळा आपल्या नखांसारखाच केराटिनचा असतो. दर कातीला एक नवी कडी जोडली जाते आणि टोकाच्या जुन्या कड्या तुटून पडतात, तेव्हा कड्या मोजून सापाचं वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नवजात पिलाला एकच बोंडूक असतं, त्यातून आवाज येत नाही. आणि वाजवलं तरी ऐकणारा फसू शकतो. समोरचा जवळ येऊ लागला की साप आधी सेकंदाला ४० पर्यंत ठोके देतो आणि मग एकदम ६० ते १०० वर उडी मारतो, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. ही उडी ऐकून माणसांना साप होता त्यापेक्षा जवळ वाटला.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. हे दोघे प्राणी एकमेकांना 'पाहतात' कसे?

खुळखुळ्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मधे, दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो. आपल्या सह्याद्रीतल्या चापड्यालाही तो असतो. आंबोलीला पावसाळ्यात गेलात आणि कुणी जाणकाराने झुडपातला मलबारी चापडा दाखवला, तर लांबूनच डोळ्याच्या पुढचा तो खळगा पाहा. घोणस आणि फुरसं विषारी खरी, पण त्यांना हा खळगा नाही. खळग्याच्या आत एक पडदा ताणून बसवलेला असतो, मिलिमीटरच्या साधारण पासष्टाव्या भागाएवढा पातळ. त्याच्या मागेही हवा, पुढेही हवा. तव्यावर पातळ धिरडं पटकन तापतं आणि जाड थालीपिठाला वेळ लागतो, तसंच इथे. पडदा इतका हलका की समोरून आलेल्या जराशा उष्णतेनेही त्याचं तापमान बदलतं. मागच्या बाजूला केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ते पडद्याला लगेच पूर्ववत थंड करतं, नाहीतर उंदीर पळून गेल्यावरही त्याची छाया तिथे रेंगाळत राहिली असती.

पण पडदा तापला हे मेंदूला कळतं कसं? यासाठी एक आठवण काढा. घरात फेसलेल्या मोहरीचं लोणचं केलं आहे, पहिल्या घासाला वाफ नाकात चढली, डोळ्यांतून पाणी आलं. ती झिणझिणी चव नव्हे आणि वासही नव्हे. चेहऱ्यावरच्या त्रिशाखी चेतेच्या, म्हणजे तीन फाट्यांच्या मज्जातंतूच्या, टोकांवर प्रथिनाची सूक्ष्म दारं असतात, त्यांतल्या एका दाराचं नाव टीआरपीए-१. मोहरीतलं तिखट तेल या दाराला चिकटलं की दार उघडतं, बाहेरचे कॅल्शियम-सोडियमचे विद्युतभारित कण आत घुसतात आणि चेता ओरडते. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने वेस्टर्न डायमंडबॅक जातीच्या खुळखुळ्याच्या चेतापेशी तपासल्या. खळग्याला तंतू पुरवणाऱ्या त्रिशाखी गंडिकेत, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, एका जनुकाचा संदेश बाकीच्या शरीराच्या संवेदना आणणाऱ्या गंडिकांपेक्षा सुमारे ४०० पट जास्त होता. ते जनुक टीआरपीए-१ चं. आपल्याकडे ज्या दारावर मोहरी थाप मारते, तेच दार सापाकडे साधारण २८ अंश सेल्सियसच्या वर उष्णतेने उघडतं. चेता तीच, दारही तेच; फक्त पाहुणा वेगळा. हे वाचल्यापासून माझं लोणच्याकडे बघणं बदललंय. (ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं ते मिरचीच्या दाराबद्दलच्या कामासाठी. तेही याच कुळातलं.)

पुढचा प्रवास आणखी मजेचा आहे. खळग्याकडून आलेली माहिती मेंदूच्या ज्या थरात पोचते, तिथे डोळ्यांकडून आलेला नकाशाही असतो, आणि दोन्ही नकाशे एकमेकांवर बसवलेले असतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अशा पेशी सापडल्या, ज्यांतल्या काही फक्त दिसणं आणि तापणं दोन्ही एकाच वेळी झालं तरच पेटतात, तर काहींचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद उष्णतेमुळे उलट दबतो. म्हणजे सापाला दोन वेगळी चित्रं दिसत नसावीत. 'उबदार' हा त्याच्यासाठी कदाचित एक रंगच असेल. चित्र धूसर असतं, कारण खळग्याचं तोंड मोठं आहे आणि त्याला भिंग नाही. पण मीटरभरावरच्या उंदरासाठी ते पुरतं. अडतीस-एकोणचाळीस अंशांचा लॅब्राडॉर संध्याकाळच्या गार टेकडीवर त्याला कंदिलासारखा दिसत असणार.

याच कॅलिफोर्नियातल्या, बिळं करून राहणाऱ्या खारीने या चित्राचा फायदा उठवला आहे. खुळखुळ्या समोर आला की ती शेपटी फुलवून हलवते आणि शेपटीत गरम रक्तही सोडते. गोफर सापासमोर ती शेपटी नुसती हलवते, तापवत नाही. गोफर सापाला खळगा नसतो, मग तापवून उपयोग काय! हे २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं आणि पुढे शेपटी तापवता येणारी यंत्रखार बनवून खुळखुळ्यांसमोर ठेवली. गरम शेपटीसमोर साप शिकारीचा पवित्रा सोडून बचावाच्या पवित्र्यात गेले.

आणि खंड्या? त्याचंही नाक काही साधं नाही. २०२० मध्ये स्वीडन आणि हंगेरीच्या संशोधकांनी तीन कुत्र्यांना शिकवून दाखवलं, की खोलीपेक्षा अकरा-बारा अंशांनी गरम असलेली वस्तू ते दीड मीटरहून जास्त अंतरावरून नाकाने ओळखतात. कुत्र्याचं नाक थंड आणि ओलं का, याला यातून एक उत्तर मिळतं. पण इथेच घात आहे. सापाला स्वतःची ऊब नसते, तो ज्या सावलीत पडलाय तिच्याइतकाच गार किंवा गरम असतो. उष्णतेच्या चित्रात कुत्रा सापाला लख्ख दिसतो आणि साप कुत्र्याला दिसतच नाही. उरतो वास. वासाचा नीट तपास करायचा तर कुत्रा नाक जवळ नेतो, सेकंदाला पाचेक वेळा हुंगतो. म्हणजे प्रश्न पडला की तोंड पुढे करायचं! म्हणून कुत्र्यांना दंश होतात ते बहुतेक मुस्कटावर, नाहीतर पुढच्या पायांवर.

विषाबद्दल थोडक्यात, जरी ते थोडक्यात सांगण्यासारखं नाही. त्यातली धातू-प्रथिनविघटक विकरं (प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स) रक्तवाहिन्यांच्या भिंतींचं अस्तर उसवतात. दुसरी विकरं रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनची नक्कल करतात, पण अर्धवट. खरं थ्रॉम्बिन फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाचे दोन छोटे तुकडे कापून काढतं, त्यातून जाळी विणली जाते, आणि मग त्या जाळीला पक्के टाके घालायची व्यवस्था करतं. ही बरेचदा एकच तुकडा कापतात. जाळी तयार होते, पण गोधडीला नुसता धावदोरा घातल्यासारखी, आणि लगेच विरघळते. फायब्रिनोजेन संपतं, रक्त गोठायचं थांबतं. कुत्र्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर तांबड्या पेशी बऱ्याचदा कदंबाच्या फुलासारख्या काटेरी दिसतात. डॉक्टरांना दंशाची खूण पटवायला त्याचा उपयोग होतो. मोहावे रॅटलस्नेक या दुसऱ्या जातीच्या खुळखुळ्याच्या विषात याखेरीज चेतांवर हल्ला करणारं विष असू शकतं, आणि तिथे सूज कमी दिसली म्हणून निर्धास्त राहणं महागात पडतं.

यावर इलाज एकच, अँटीव्हेनम म्हणजे प्रतिविष. घोड्याला किंवा मेंढीला विषाचे छोटे डोस देऊन मिळवलेली प्रतिपिंडं. आपल्याकडे मुंबईच्या हाफकिन संस्थेने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी केलेलं प्रतिविष खुळखुळ्यावर चालणार नाही. विष आणि प्रतिविषाची जोडी कुलूपकिल्लीसारखी असते. तिकडे कुत्र्याला द्यायच्या अँटीव्हेनमच्या एका कुपीला शेकडो डॉलर लागतात, आणि लोक ते देतातही. हे लिहिताना भारतातला आकडा डोक्यातून जात नाही: २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. असो.

इलाज एकच म्हटलं की बाजार भरतो. आपल्याकडे दंशावर कोंबडी लावतात, मांत्रिकाकडे नेतात, तोवर मोलाचे तास जातात. अमेरिकेत मांत्रिकाच्या जागी पिवळ्या डब्यातला शोषक पंप असतो. २००४ मध्ये माणसांवर खोटं, निरुपद्रवी 'विष' टोचून हा पंप तपासला गेला, तेव्हा त्याने टोचलेल्या विषापैकी सुमारे ०.०४ टक्के बाहेर काढलं. कोंबडीचा निकाल फार वेगळा आला असता असं मला वाटत नाही.

लशीचंही असंच. कुत्र्यांसाठी काढलेली लस वेस्टर्न डायमंडबॅकच्या विषापासून केलेली, आणि तो साप सुनोलच्या टेकड्यांत राहतच नाही. २०१५ मध्ये उंदरांवर केलेल्या चाचणीत तिने डायमंडबॅकच्या विषापासून काही संरक्षण दिलं, नॉर्दर्न पॅसिफिकच्या विषापासून त्याहून कमी, आणि सदर्न पॅसिफिकच्या बाबतीत लक्षणीय असं काहीच नाही. लस टोचून निश्चिंत झालेला मालक दवाखान्यात उशिरा पोचला तर तोटाच. साप टाळायला शिकवण्याचे वर्गही असतात. जुन्या पद्धतीत तोंड बांधलेला जिवंत साप आणि गळ्यात विजेचा झटका देणारा पट्टा. हल्ली वास आला की थांबून मालकाकडे परत ये, मग खाऊ, अशीही शिकवणी निघाली आहे. मला दुसरी बरी वाटते. झटक्याने कुत्रा नेमकं कशाला घाबरायला शिकला, हे कुत्र्यालाच ठाऊक.

मग राहतं काय? सहा फुटी लीश. साप स्वतःच्या लांबीच्या साधारण अर्ध्या अंतरापर्यंत झेप घेतो, म्हणजे चार फुटी साप दोन फूट. झेपेला सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळ लागतो, तेव्हा 'ओढून घेऊ' या भरवशावर राहू नये. कुत्रा आधीच त्या दोन फुटांच्या बाहेर हवा. लांबत जाणारी दोरीची लीश इथे घातक. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या बहुतेक पायवाटांवर कुत्रे न्यायला परवानगी नाही, पण भोवतालच्या राष्ट्रीय वनांत आहे, आणि तिथून दवाखाना काही तासांवर असतो. कुठल्या दवाखान्यात अँटीव्हेनम आहे हे निघण्याआधी फोन करून विचारावं, सगळीकडे नसतं. दंश झालाच तर गळपट्टा लगेच काढावा, सूज चढली की तो फास होतो. कापणं, चोखणं, बर्फ, आवळून बांधणं, काही नको. ॲलर्जीची गोळी विषाला काही करत नाही. कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावं.

हे शेवटचं भाचीला सांगितलं तेव्हा तिने खंड्याकडे पाहिलं आणि मग माझ्या कमरेकडे. त्या आठवड्यात तिने कुत्रा पाठीवर घ्यायची झोळी मागवली आणि आम्ही घरामागच्या अंगणात तालीम केली. मी चाळीस पावलं चाललो. तिने शंभर.

त्या दिवशी परतताना ओंडक्याखाली साप नव्हता. खंड्याने तरी तिकडे जायचा हट्ट धरला, आणि भाचीने लीशचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला.