तैयब मेहतांचा बैल आणि तैयब मेहतांचा महिषासुर

आधुनिक भारतीय चित्रकार तैयब मेहतांची चित्रं बघताना बैल आणि रेडा यांची गल्लत हमखास होते. दोघांना शिंगं, दोघंही घायाळ, आणि 'हे कशाचं तरी प्रतीक असणार' म्हणून आपण पुढच्या चित्राकडे सरकतो. मेहतांचा बैल रूपक आहे, महिषासुर पुराणकथेतला. दोन्ही चित्रं बघायची रीतच वेगळी.

बैल आधी आला. 'ट्रस्ड बुल' (जखडलेला बैल) हे १९५६ सालचं तैलचित्र. एवढ्या ताकदीचं जनावर, पण कापण्याआधी पाय करकचून बांधून आडवं पाडलेलं. कत्तलखान्यातलं हे दृश्य मेहतांना आयुष्यभर पुरलं. १९७० च्या 'कूडल' या लघुपटासाठी त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रीकरणही केलं. बांधलेल्या बैलात त्यांना देशाची अवस्था दिसली: अंगात अफाट बळ, पण त्याला वाटच नाही. १९४७ च्या दंगलीत त्यांनी मुंबईत जमावाला एका माणसाचा जीव घेताना पाहिलं होतं. तेही या बैलात मुरलंय, असं मला वाटतं.

हा बैल समजायला कुठलीही गोष्ट ठाऊक असावी लागत नाही. त्याला नाव नाही, मागचापुढचा प्रसंग नाही. त्याच्या जागी बांधलेला घोडा काढला असता तर चित्राचा दणका कमी झाला असता, अर्थ मात्र बराचसा तोच राहिला असता.

महिषासुराच्या बाबतीत असं करून बघा. रेडा काढला की कथाच गेली. देवीमाहात्म्यात तो सिंह होतो, खड्गधारी पुरुष होतो, हत्ती होतो, पुन्हा रेडा होतो. शेवटी देवीच्या पायाखाली, रेड्याच्या तोंडातून अर्धा बाहेर आलेला असताना मारला जातो. रूपं बदलतात ती कथेच्या आत, आणि ती आपल्याला आधीपासून माहीत असतात. तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनीच, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

गोंधळ होतो तो नवरात्रातल्या भाषणांमुळे. देवी म्हणजे सत्प्रवृत्ती, रेडा म्हणजे दुष्प्रवृत्ती, असं सांगून आपण पुराणकथेचं सोपं रूपक करून टाकतो. पण त्याच महिषाशी इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी आपल्या म्हसोबाचं नातं जोडलं. शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा कुणाला दुष्प्रवृत्ती वाटत नाही. त्याला नारळ फुटतो. पुराणकथा एका अर्थात मावत नाही ती अशी.

मेहतांनी नेमकी ही जागा पकडली. १९८० च्या दशकात शांतिनिकेतनला राहून आल्यावर त्यांच्या चित्रांत काली आणि महिषासुर येऊ लागले. तोवर तैलरंगांऐवजी ते ॲक्रिलिक वापरू लागले होते. रंगांचे सपाट, स्वच्छ पट्टे आणि त्यांवर धारदार रेषा. १९९७ चा 'महिषासुर' २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेला तेव्हा चर्चा झाली ती पैशांची. चित्रासमोर उभं राहून 'रेडा म्हणजे काय?' असं विचारलं तर हाती फारसं लागत नाही. कथेतला कुठला क्षण घेतलाय आणि चित्रकाराने तो कुठे वाकवलाय, हे विचारावं. मर्दिनीच्या मूर्तीत आपली नजर आधी त्रिशूळ शोधते. इथे देवीचे आणि रेड्याचे अवयव एकमेकांत असे गुंतलेत, की ही झटापट आहे की मिठी, ते ठरवता येत नाही.